पावसातला घाट आणि हेडलाईटमधलं पाणी

घाट चढून मुक्कामी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. वाटभर डावीकडची कड पुसट दिसत होती आणि मी आपला काचेला दोष देत वायपर पळवत होतो. सकाळी गाडी पुसताना उलगडा झाला: डाव्या हेडलाईटच्या तळाशी बोटभर पाणी! गाडी जरा हलवली की आत डचमळायचं.

हेडलाईटच्या काचेला आतून नुसती वाफ धरली तर घाबरू नका. हेडलाईट पूर्ण हवाबंद नसतोच. हवा खेळायला मागे छोटा व्हेंट असतो. दिवे लावून थोडं अंतर गेलं की वाफ जाते. एलईडीची ऊब काचेपर्यंत कमी पोचते, त्यामुळे तिथे वेळ लागतो. पण थेंब ओघळत असतील तर कुठेतरी फट आहे हे नक्की.

माझी फट मीच केलेली. निघायच्या आदल्या दिवशी बल्ब बदलला आणि मागच्या रबरी झाकणाची एक कड दुमडलेलीच राहिली. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते. वरून गार पाऊस बसला की ती आक्रसते आणि फटीतून पाणी आत ओढते. अख्खा घाटभर हेच चाललं असणार.

बॅटरीची वायर सोडवली, दिवा बाहेर काढला, बल्बच्या भोकातून पाणी ओतून टाकलं. मग हेअर ड्रायर, अगदी मंद आचेवर आणि लांबून. जास्त तापवलं तर प्लास्टिक वाकतं. घाई होते ती इथेच. आतला आरसा फडक्याने पुसायचा मोह आवरा, त्याचा चकचकीत थर खरवडला जातो. हॅलोजन बल्बच्या काचेलाही बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

शेजारी गाडी लावलेल्या एकाने खाली भोक पाडायचा सल्ला दिला. पाणी जाईल, पण पुढे धूळ आणि पाणी त्याच वाटेने आत येईल. सिलिका जेलच्या पुड्या ओल शोषतात, गळती थांबवत नाहीत. काचेचा जोडच सुटला असेल तर ब्युटाइल सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरासारखा चिकट मसाला, लागतं. माझा जोड शाबूत होता.

झाकणाची कड बोटाने चाचपत बसवली, दिवा थंड असताना पाणी मारून पाहिलं आणि बसवल्यावर भिंतीवर झोत तपासला. तो वर गेला असेल तर समोरच्याचे डोळे दिपतात.

परतताना पुन्हा पाऊस. पहिल्या थांब्यावर आधी डाव्या दिव्यात डोकावलो. कोपऱ्यात नखाएवढी वाफ होती, पुढच्या थांब्यापर्यंत तीही गेली.