पंप बदलण्याआधी : जुन्या रेंज रोव्हरचे जड स्टीअरिंग

जालन्यात राहणाऱ्या माझ्या आत्येभावाकडे 2004 सालची रेंज रोव्हर आहे. 2002 ते 2012 या काळात बनलेल्या पिढीतली ही गाडी असून तिच्यात बीएमडब्ल्यूचे 4.4 लिटरचे पेट्रोल व्ही-8 इंजिन आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तिचे स्टीअरिंग एवढे जड झाले की मोंढ्यातल्या गर्दीत गाडी वळवताना त्याला दोन्ही हातांचा जोर लावावा लागे. एका गॅरेजमध्ये गाडी न उचलताच "साहेब, पंप गेला, नवा टाका" असा निकाल मिळाला. हा पंप म्हणजे तेलाच्या दाबाने स्टीअरिंग वळवायला मदत करणारा पॉवर स्टीअरिंगचा पंप. या गाडीचा पंप स्वस्त नाही, आणि माझ्या मते जड स्टीअरिंगच्या तक्रारीत पंपाचा क्रमांक बराच खालचा लागतो.

मुळात जडपणा दोन प्रकारचा असतो. एकात मदत कमी पडते, म्हणजे तेलाचा दाब पुरेसा मिळत नाही. दुसऱ्यात मदत पुरेशी असूनही कुठेतरी काहीतरी घासते किंवा अडकते. हे दोन प्रकार वेगळे न करता सुटे भाग बदलत बसणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

सुरुवात टायरपासून करावी. हवा कमी असेल तर अडीच टनांच्या घरातल्या या धुडाचे स्टीअरिंग जड लागणारच, आणि त्यासाठी बॉनेट उघडण्याचीही गरज नसते. त्यानंतर स्टीअरिंगचे तेल पाहावे. आम्ही टाकीतले थोडे तेल सिरिंजने काढून पांढऱ्या कागदावर सोडले. ते तपकिरी झाले होते, पण त्याला जळका वास नव्हता आणि बोटांवर चोळल्यावर धातूची चमकही दिसली नाही. तेलात फेस असता, तर टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीतून हवा शिरत असल्याचा संशय घेतला असता. चमकणारा चुरा सापडला असता, तर पंप आतून झिजल्याचे मानायला आधार मिळाला असता. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचेच भरावे. "सगळे लाल तेल सारखेच" हे मत कितीही ठामपणे ऐकू आले तरी त्यावर विसंबू नये.

पुढची चाचणी इंजिन चालू ठेवून करायची. गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग जड लागते आणि इंजिनाचे फेरे वाढवताच हलके होते, तर पंप फिरवणारा पट्टा घसरत आहे किंवा पंप अशक्त झाला आहे. एकाच बाजूला वळवताना जड लागत असेल, तर दोष बहुधा रॅकमध्ये, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या यंत्रणेत, किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये असतो, कारण पंप दोन्ही बाजूंना सारखाच दाब पुरवतो. आमच्याकडे फेरे वाढवूनही फरक पडला नाही आणि जडपणा दोन्ही बाजूंना सारखाच होता.

या पिढीच्या काही गाड्यांमध्ये वेगानुसार मदत कमी-जास्त करणारी सर्व्होट्रॉनिक व्यवस्था असते. गाडी उभी असताना तिच्या विद्युत व्हॉल्व्हला जास्त प्रवाह मिळतो आणि स्टीअरिंग हलके राहते. वेग वाढतो तसा प्रवाह घटतो आणि स्टीअरिंग घट्ट होत जाते. प्रवाहच तुटला तर व्यवस्था महामार्गावरच्या घट्टपणावर अडकून राहते. म्हणून पार्किंगमध्ये जड आणि बीडच्या रस्त्यावर ताशी ऐंशीला अगदी योग्य, अशी तक्रार असेल तर आधी फ्यूज, वायर आणि कनेक्टर तपासावेत. आत्येभावाची गाडी मात्र महामार्गावरही जडच होती, शिवाय वळण संपल्यावर चाक आपणहून सरळ होत नव्हते. माझ्या दृष्टीने हीच खरी खूण होती, कारण दाब कमी असला तरी चाक परत येते. घर्षण असले की ते जिथल्या तिथे राहते.

मग पुढची दोन्ही चाके जमिनीवरून उचलली. एअर सस्पेंशनच्या गाडीत जॅक सांगितलेल्या जागीच लावावा आणि खाली मजबूत स्टँड दिल्याशिवाय हातही घालू नये. नुसत्या जॅकवर विसंबणे जिवावर बेतू शकते. इंजिन बंद ठेवून, किल्लीने कुलूप सोडवून स्टीअरिंग सावकाश फिरवले, तेव्हा ते दर अर्ध्या फेरीला एकदा अडत आणि पुन्हा सुटत होते. चाकाजवळचा गोळीचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, जाम असता तर अडकणे असे फेरीच्या हिशेबाने आले नसते. स्टीअरिंगपासून रॅककडे जाणाऱ्या दांड्यातल्या, म्हणजे शाफ्टमधल्या, युनिव्हर्सल जॉइंटचा, आपले मिस्त्री ज्याला क्रॉस म्हणतात त्याचा, एक आस घट्ट झाला की अशी लय लागते.

टॉर्चच्या उजेडात खालचा क्रॉस पाहिला. त्याच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस भुकटी साचली होती. इंजिनाची उष्णता, पावसाळ्यात उडणारा काळ्या मातीचा चिखल आणि नंतर महिनोन्महिने धूळ, अशा जागी ग्रीस टिकून राहण्याची अपेक्षाच चुकीची. गंज सोडवणारे तेल फवारून पाहिले, तर संध्याकाळपर्यंत स्टीअरिंग लक्षणीय हलके झाले. हा उपाय तात्पुरता असला तरी निदान पक्के करायला तेवढा पुरेसा होता.

नवा शाफ्ट बसवताना बॅटरी काढून ठेवली, चाके सरळ केली आणि जुन्या शाफ्टच्या जागेवर खडूने खूण केली. शाफ्ट सुटलेला असताना स्टीअरिंगचे चाक मोकळे फिरू दिले, तर एअरबॅगच्या जोडणीची गुंडाळलेली पट्टी तुटते आणि एका कामाची दोन होतात. म्हणून ते चाक सीटला पट्ट्याने बांधून ठेवले. क्रॉसचा जुना बोल्ट पुन्हा न वापरता नवा घातला आणि टॉर्क रेंचने आवळला. तेलही त्याच दिवशी बदलले. चाके उचललेली आणि इंजिन बंद ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. पूर्ण वळवून धरल्यावर येणारी बारीक घरघर अजून आहे, पण ती दाब मोकळा करणाऱ्या व्हॉल्व्हची आहे. आत्येभावाला एवढेच सांगितले आहे, की त्या टोकाला स्टीअरिंग चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, त्याने तेल तापते. पंप जुनाच आहे.