तुम्ही विचारलंत म्हणून: शिलाईचे ४०० का?

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करून आलेल्या बायका माझ्या दुकानात कापड ठेवतात आणि हमखास विचारतात, "काकी, तयार कुडता तीनशेला मिळतो. तुम्ही नुसत्या शिलाईचे चारशे कसे घेता?"

एका कुडत्याला मला अडीच तास लागतात. कटिंग, टक्स, गळ्याची पट्टी, बाह्या, ओव्हरलॉक, इस्त्री. कारखान्यात थरावर थर घालून एकदम शेकडो कुडते कापतात, तिथे पैसे वाचतात हे खरं. पण शिवायला तिथेही बाईच बसते. दिवसभर नुसत्या बाह्या जोडायच्या, तासाचं टार्गेट सुपरवायझर ठरवणार. उठावं लागू नये म्हणून कितीतरी जणी पाणीच पीत नाहीत.

एप्रिल २०१६ मध्ये बेंगळूरच्या अशाच हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. पीएफमधला मालकाचा वाटा ५८ वर्षं पुरी होईपर्यंत काढता येणार नाही, असा नियम आला होता. मी पंचेचाळिशीची, मान आणि कंबर आत्ताच धरते. टार्गेटवर ५८ पर्यंत कोण टिकेल? नोकरी सुटली की हाती येणारी रक्कम तेवढीच, त्यातलाही वाटा अडकणार होता. कुठल्या मोठ्या पुढाऱ्याची हाक नव्हती. होसूर रोड अडला, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला. १९ एप्रिलला सरकारनं नियम मागे घेतला. ती बातमी ऐकली तेव्हा मशीन थांबवून मी रडले होते.

सगळीकडे असं जिंकता येत नाही. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझाच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा खालच्या मजल्यावरची बँक बंद झाली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. २४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली. दहा वर्षांनी तिथल्याच कामगारांनी महिना २३,००० टका किमान पगार मागितला. आंदोलनात माणसं मेली, आणि मंजूर झाले १२,५००.

तीनशेच्या कुडत्यात या बायकांचा वाटा किती उरत असेल, ते तुम्हीच बघा.

माझ्याकडे मदतीला एक मुलगी आहे. चवथीआधी आम्हा दोघींना मान वर करायला फुरसत नसते. आषाढात दुकान ओस. तेव्हाही तिचा महिना मी देते. तुमच्या ४०० मध्ये तोही धरलेला आहे.