पेनांग हिलची शंभर वर्षांची रेल्वे, अप्पांसोबत दोन दिवस

आधी कामाचं सांगतो, मग बाकीचं. मलेशियातल्या पेनांग हिलची, दोरावर चढणारी रेल्वे बघायची असेल तर सकाळी साडेसहाची पहिली गाडी धरा, आणि डब्यात उताराकडच्या टोकाला उभे राहा, जाताना पण आणि येताना पण. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून पहिला दिवस निम्मा रांगेत गेला.

आता कशासाठी गेलो ते. आमचे अप्पा, म्हणजे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाले. बार्शी लाईटची नॅरोगेज बंद होईपर्यंत त्यांचा सगळा जन्म त्या अडीच फुटी रुळांवर गेला. ब्रॉडगेज आली तेव्हा आनंद सगळ्यांनाच झाला पण अप्पा चार दिवस गप्प होते. त्यांना एकदा तरी दोरावर चालणारी रेल्वे दाखवायची असं माझ्या मनात फार दिवस होतं. सप्तशृंगी गडावरची ट्रॉली त्यांनी बघितलीय, आवडली पण, "ही नवीन आहे रे, जुनी कुठंय का बघ" म्हणाले. मग शोधता शोधता मलेशियातलं पेनांग सापडलं, १९२३ ची लाईन, अजून रोज चालते, आणि खाली जॉर्जटाऊनमध्ये इडली-डोसा मिळतो म्हटल्यावर आईची पण तयारी झाली.

सोलापूरवरून जायला मुंबईला जायची गरज नाही. इथून चेन्नईला थेट रेल्वे आहे आणि चेन्नईहून पेनांगला थेट विमान, चारेक तासांचं. आम्ही तसंच केलं, चेन्नईत एक रात्र काढली कारण अप्पांचं वय चौऱ्याहत्तर आहे, रेल्वेतून उतरून लगेच विमान नको. भारतीयांना सध्या तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही पण पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावं लागतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साईटवर जाऊ नका. नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी एकदा तपासून घ्या. घड्याळ अडीच तास पुढं करायचं.

आम्ही गड्ड्याची जत्रा उरकून जानेवारीत गेलो, तो तिकडं त्यातल्या त्यात कोरडा काळ. पण थैपूसम हा तिथल्या तमिळ लोकांचा सण आणि चिनी नवीन वर्ष पण त्याच सुमाराला येतं, जानेवारी-फेब्रुवारीत, त्या तारखा सोडून जा, नाहीतर टेकडीवर मुंगीला जागा नसते. आम्ही ते बघितलं होतं, रविवार मात्र बघायचा राहिला.

म्हणजे पहिल्या दिवशी रविवारी अकरा वाजता पोचलो. खालच्या स्टेशनवर रांग बाहेरपर्यंत. तिकीट परदेशी मोठ्या माणसाला जाऊन-येऊन ३० रिंगिट होतं, एक रिंगिट तेव्हा साधारण वीस रुपये होता. फास्ट लेन नावाचं दुसरं तिकीट मिळतं, ते दुपटीपेक्षा महाग, रांग चुकते. अप्पा, आई, पोरगा आणि मी, चौघांचे पैसे जास्त होतात म्हणून आम्ही साधं घेतलं आणि दीड तास उभे राहिलो. वर पोचलो तर ढग खाली उतरलेले, शहर काही दिसेना, आणि परत येताना पुन्हा रांग. येतानाच्या रांगेचा कोणी विचारच करत नाही, दुपारनंतर ती जातानाच्या रांगेपेक्षा मोठी असते. अप्पा काही बोलले नाहीत पण पाय दुखत होते ते दिसत होतं. माझा जीव खालीवर.

रात्री हॉटेलवर म्हटलं उद्या परत जाऊ, पहाटे. अप्पा म्हणाले, "तिकिटाचे परत पैसे कशाला बे?" मी म्हटलं अप्पा, तुम्ही दोर बघितलाच नाही अजून. ते लगेच तयार.

सोमवारी सहाला निघालो. जॉर्जटाऊनच्या जेट्टीवरून, कोमतार या उंच इमारतीवरून २०४ नंबरची बस सरळ खालच्या स्टेशनापर्यंत जाते, स्वस्त पडते, फक्त सुट्टे पैसे बरोबर ठेवा कारण वरचे परत देत नाहीत. पण एवढ्या पहाटे चौघं असाल तर ग्रॅबची टॅक्सीच बरी, आम्ही तीच केली. खालचं स्टेशन आयेर इताम भागात आहे. पोचलो तर आमच्या पुढं वीसेक माणसं, सगळी तिथलीच म्हातारी मंडळी, बूट घालून व्यायामाला आलेली, आपल्याकडं सिद्धेश्वर तळ्याला सकाळी फेऱ्या मारायला येतात तशी. दोन-चार मिनिटांत गाडीत.

गाडी आतून जिन्यासारखी आहे, एकेक कप्पा वरच्या पायरीवर. म्हाताऱ्या माणसांनी आत शिरल्यावर कप्पे बदलायला जाऊ नये, प्लॅटफॉर्मवरच्या पायऱ्यांवरूनच हवा तो कप्पा धरावा. आम्ही सगळ्यात खालचा धरला. वर जाताना सगळे वरच्या टोकाला धावतात, त्यांना वाटतं पुढचं दिसेल, पण पुढं नुसता चढ आणि झाडी. खालच्या टोकाला काचेतून शहर उलगडत जातं, आधी घरांची कौलं, मग कोमतारचा उंच मनोरा, मग समुद्र. आणि येताना तेच टोक पुढं असतं, म्हणजे सगळा उतार डोळ्यासमोर.

गाडी सुटल्या सुटल्या अप्पा रुळाकडं बघून म्हणाले, "मीटरगेज." होटगी-गदग लाईन मीटरगेज होती तेव्हा त्यांनी ती पुष्कळ बघितलेली. मी फोनवर बघितलं, दोन रुळांमधलं अंतर खरंच १००० मिलिमीटर. आईला भारी कौतुक वाटलं.

आता हे कसं चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण हे कळलं की या प्रवासाची मजा दुप्पट होते. आडाच्या रहाटावर दोरीच्या दोन्ही टोकांना दोन घागरी बांधल्या तर एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते आणि ओढणाऱ्याला फक्त भरल्या-रिकाम्यातला फरक ओढावा लागतो, अगदी तेच. वरच्या स्टेशनात मोठं चाक आणि मोटर, त्यावरून पोलादी दोर, दोराच्या दोन टोकांना दोन गाड्या. गाडीला स्वतःचं इंजिन नाही. उतरणाऱ्या गाडीचं वजन चढणाऱ्या गाडीला ओढतं. दोराची लांबी ठरलेली त्यामुळं दोन्ही गाड्या रोज, प्रत्येक फेरीला, बरोबर मध्यावर एकमेकींना भेटतात, आणि फक्त तेवढ्याच ठिकाणी रूळ दोन होतात, बाकी सगळी सिंगल लाईन. समोरून दुसरी गाडी आपल्याच रुळावर येताना दिसते, क्षणभर पोटात गोळा येतो, आणि ऐन वेळी दोघी बाजूला होऊन निघून जातात. रूळ बदलायला पॉइंट्समन लागत नाही. अप्पांनी ते बघितलं आणि हात काचेवर टेकवून नुसते उभे राहिले.

लाईन साधारण दोन किलोमीटर लांब आहे आणि जवळपास सातशे मीटर उंची चढते. वाटेत एक बोगदा लागतो, ७९ मीटरचा, चढावरचा बोगदा म्हणून तो प्रसिद्ध आहे. तो गेला की कान दडपतात, लहान पोरं असतील तर चघळायला गोळी द्या.

इतिहास थोडका सांगतो. रेल्वे यायच्या आधी गोरे लोक वर हवा खायला जायचे ते तट्टावर नाहीतर माणसांनी उचललेल्या डोलीत. रेल्वेचा पहिला प्रयत्न १८९७ ला सुरू झाला, १९०६ पर्यंत खटपट चालली आणि शेवटी ती लाईन चाललीच नाही. हे वाचून दाखवलं तर अप्पा एकदम म्हणाले, "सत्त्याण्णव? आपली बार्शी लाईट सत्त्याण्णवचीच की!" बरोबर आहे, इंग्रज इंजिनिअर कॅलथ्रॉप साहेबाने कुर्डुवाडी-बार्शी लाईन १८९७ ला चालू केली. एकाच वर्षी तिकडं डोंगरावर काम सुरू होऊन फसलं आणि इकडं माळरानावर गाडी धावायला लागली, हे मला त्या दिवसापर्यंत जोडून कधी सुचलं नव्हतं. नंतर फेडरेटेड मलाय स्टेट्स रेल्वे या तिथल्या इंग्रजी अमलातल्या रेल्वेचा इंजिनिअर अर्नोल्ड जॉन्सन स्वित्झर्लंडला जाऊन अशा रेल्वेचा अभ्यास करून आला, पंधरा लाख स्ट्रेट्स डॉलर (तिथलं तेव्हाचं चलन) खर्च झाला आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये लोकांसाठी गाडी सुरू झाली. अधिकृत उद्घाटन १ जानेवारी १९२४ ला. तेव्हा लाईन दोन तुकड्यांत होती, मधल्या स्टेशनात उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं, वर जायला अर्धा तास लागायचा. १९७७ ला डबे बदलले, २०१० ला सगळं बंद करून नवीन स्विस यंत्रणा बसवली आणि २०११ पासून एका दमात वर, पाच-दहा मिनिटांत.

म्हणजे मार्ग जुना, गाडी नवी. काही जणांचा इथं हिरमोड होतो, लाकडी बाकं शोधत येतात आणि एसी डबा बघून "हे कसलं हेरिटेज" म्हणतात. मला तसं वाटत नाही. रेल्वे चालू राहिली म्हणूनच डबे बदलले, आणि बंद पडलेल्या लाईनचं काय होतं ते आमच्या घरात चांगलं माहीत आहे. जुना लाकडी डबा वरच्या स्टेशनापाशी ठेवलाय, तो सोडू नका. लोक फोटो काढून पुढं जातात, आम्ही अर्धा तास तिथंच. अप्पा वाकून चाकं, ब्रेक, डब्याची तिरकी चौकट बघत होते आणि माझ्या पोराला सांगत होते की डबा तिरका का बांधतात, म्हणजे चढावर पण बसणाऱ्याचं बूड सपाट राहतं. पोरगा एरवी मोबाईलमधून मान वर काढत नाही, इथं प्रश्नावर प्रश्न.

वर सकाळी सातला हवा अशी की सोलापूरच्या माणसाला पटणार नाही, स्वेटर लागत नाही पण ओढणी-शाल हवी. खालच्यापेक्षा पाचेक डिग्री कमी. आमच्या नशिबाने आकाश मोकळं होतं, सगळं जॉर्जटाऊन, समुद्र, पलीकडच्या किनाऱ्यावरचं बटरवर्थ आणि बेटाला तिकडं जोडणारा साडेतेरा किलोमीटरचा पूल रेघ ओढल्यासारखा. नऊनंतर ढग चढायला लागले आणि दहाला काही उरलं नाही, म्हणून सकाळचं इतकं सांगतोय.

वर मुरुगनचं देऊळ आहे, दाक्षिणात्य गोपुराचं, आणि लागूनच मशीद. आईने देवळात बसून घेतलं. चालणाऱ्यांसाठी हॅबिटॅट म्हणून जंगलातली वाट आणि झाडांच्या शेंड्यातून जाणारा पूल आहे, वेगळं तिकीट, स्वस्त नाही पण मी आणि पोरगा गेलो, डोळ्याभोवती पांढरी कडी असलेली माकडं दिसली आणि पैसे वसूल झाले. स्ट्रॉबेरी हिलवर डेव्हिड ब्राऊन नावाचं हॉटेल आहे, बाहेरून बघितलं. शाकाहारी असाल तर वर फार पर्याय नाहीत. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, बाकावर बसून खाल्ली, शेजारच्या चिनी आजींना चटणी दिली तर त्यांनी परत मागून घेतली. जेवायचं खाली जॉर्जटाऊनच्या लिटल इंडिया भागात, केळीच्या पानावर भात-सांबार पोटभर मिळतो, आणि क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ चं महामारिअम्मन देऊळ तिथंच आहे.

गुडघे चांगले असतील तर एकीकडून चालत पण जाता येतं, बोटॅनिक गार्डनपासून पाचेक किलोमीटरचा जीपचा रस्ता आहे, चढ खडा आहे, पाणी भरपूर न्या. त्याच बाजूने आता केबल कारचं काम पण चालू आहे. छत्री मात्र कोणत्याही महिन्यात असू द्या.

साडेदहाला खाली निघालो तेव्हा वर येणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती आणि खाली जाणारी गाडी निम्मी रिकामी. अप्पा खालच्या काचेला उभे. नातवाला म्हणाले, "मोज, दुसरी गाडी कधी भेटते बघू." त्याने मोबाईलवर वेळ लावली, सुटल्यापासून गाड्या भेटेपर्यंत आणि तिथून खाली थांबेपर्यंत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. अप्पांनी तिकिटाच्या पाठीमागं ते लिहून घेतले, तारीख टाकली आणि पाकिटात ठेवलं, त्यांच्या जुन्या रेल्वे पासच्या मागे.