नाल्याकाठची बाग: आधी गाळ काढा, मग झोपाळे

बेळगावातल्या वडगावकडच्या आमच्या नाल्याकाठच्या बागेची डागडुजी होणार म्हणे, तेव्हापासून कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. म्हातारी मंडळी सांगतात, पूर्वी बळ्ळारी नाल्यात पोरं डुंबायची, आणि भात फुलोऱ्यावर आलं की शहापूर-वडगाव शिवारातल्या बासमतीचा वास पार बागेपर्यंत यायचा, संध्याकाळी बायका गिरमिट (चुरमुऱ्याचा चटपटीत खाऊ) बांधून आणायच्या आणि अंधार पडेपर्यंत कुणी उठायचंच नाही. आता काय, जलपर्णी, ड्रेनेजचं पाणी, प्लॅस्टिक, आणि जोराचा पाऊस झाला की नाला फुगून शेतं पाण्याखाली.

बेळगाव २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं तेव्हा केवढी हवा होती! असो.

शेजारच्या काकूंना झोपाळे आणि पाठ टेकायला बेंच पाहिजेत, पोरांना क्रिकेटला जागा, काकांना बोर्डावर कन्नडबरोबर मराठी पण (ते होणं अवघडच बघा). माझं म्हणणं एवढंच की आधी गाळ काढा, सांडपाणी नाल्यात यायचं थांबवा, आणि सगळीकडं पेव्हर ब्लॉक नका ओ टाकू, पाणी मुरणार कुठं? रविवारी वॉर्डातले लोक जमणार आहेत, मी गाळाचा विषय काढणार, काकू झोपाळ्याचा.