देवबागला कयाक: डॉल्फिन भेटतील, पण पंचांग बघून जा

मालवणजवळच्या देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर कयाक नेणार असाल तर आधी पंचांग बघा, मग हवामान, आणि कयाकवाल्याचं सगळ्यात शेवटी ऐका. आम्हाला त्याने “काय एक होवचा नाय, जावा बिनधास्त” म्हणत चतुर्दशीला सकाळी साडेनऊला पाण्यात सोडलं. उधाणाचे दिवस, भरती पुरी होत आलेली. तेव्हा पाणी खरंच तेलासारखं होतं. दोन तासांनी तिथे काय होतं हे तो रोज बघत असणार. बोलला मात्र नाही.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम, पलीकडे भोगवे. खाडीतल्या सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या बेटापर्यंतचं वल्हवणं कुणालाही जमेल. तिथे गर्दी आणि भजी, बाकी काही नाही.

मजा पुढे आहे. भोगव्याच्या अंगाला वल्हं मांडीवर आडवं टाकून नुसते बसलो होतो, तर मागून कुणीतरी जोरात श्वास सोडला. हम्पबॅक डॉल्फिन! राखाडी अंग, पाठीवर उंचवटा. हे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतात आणि बोयसारख्या मासळीमागे खाडीच्या तोंडाशी येतात. जाहिरातीत दिसतात तशा उड्या यांच्याकडून मागू नका, हे मुळात बुजरे. म्हणूनच पुढचं अजून खरं वाटत नाही. त्यातलं एक पिल्लू सरळ आमच्याकडे आलं, कुशीवर वळून एका डोळ्याने आम्हाला न्याहाळलं आणि कयाकच्या खालून पलीकडे गेलं. परत आलं. तिसऱ्यांदा येताना मोठी मादी मधे घुसली आणि त्याला घेऊन गेली. आमच्यापैकी कुणीही वल्हं हलवलं नव्हतं. पाठलाग करू नका, हात पाण्यात घालू नका. डॉल्फिनला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वाघाइतकंच. थोड्या वेळाने इंजिनाच्या दोन होड्या किंचाळणाऱ्या पर्यटकांसह आल्या आणि सगळे डॉल्फिन बुडी मारून पार निवतीच्या दिशेला निघाले. होडीतून ‘डॉल्फिन दर्शन’ म्हणजे पैसे देऊन लांबून शेपट्या बघणं. माझं मत विचाराल तर जाऊ नका.

आणि आता संगमाचं तोंड, जिथलं कयाकवाला बोलला नव्हता. अकराच्या सुमारास ओहोटीने जोर धरला, समुद्रावरून खारा वारा सुटला. खाडीचं पाणी बाहेर धावतंय, लाटा आत येतायत, आणि दोघांची गाठ दांड्यावर, म्हणजे तोंडाशी पाण्याखाली साचलेल्या वाळूच्या उंचवट्यावर. तिथे लाट पुढे सरकतच नाही, जागच्या जागी उभी राहून फुटते. आम्ही वल्हवत होतो आत, सरकत होतो बाहेर. काठावर जाळं झाडणारा एक बाबा ओरडला, “सुकती (ओहोटी) लागली हा, मधी रवा नको, कडेक येवा!” त्याचंच बरोबर. धारेशी भांडायचं नाही. तिरकं काठाकडे जायचं, गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि कयाक ओढत चालायचं. जेमतेम अर्धा किलोमीटर असेल, पण खांदे आजही बोलतायत, त्यामुळे हे सगळं जरा कडवट वाटलं तर वाटू दे.

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा: चतुर्दशीला साडेदहा, म्हणजे भरती पुरी व्हायची वेळ. हा मुंबईकडचा ठोकताळा, मालवणकडे ती थोडी आधीच होते. तिथून पुढे साधारण सहा तास पाणी बाहेर जाणार. पंचमी-षष्ठीला सकाळी जा: ओहोटी संपत आलेली असते, परतताना भरती आत ढकलते, आणि ओढही उधाणापेक्षा कमी. डिसेंबर ते फेब्रुवारी उजाडता निघा, दहाच्या आत माघारी फिरा. दांड्यावर पांढरा फेस दिसला की संगमाचा नाद सोडा. लाइफ जॅकेटचा प्रत्येक बक्कल स्वतः ओढून बघा; आमच्यातल्या एकाचा सुतळीने बांधलेला होता.

पैशांचं बोलणं निघण्याआधी, चारचौघांसमोर करा. तासाला तीनशे ठरले होते. परतल्यावर ‘उशीर’, ‘जॅकेट’ आणि ‘डॉल्फिन पॉइंट’ असे तीन वेगळे आकडे निघाले. उशिराचे दिले, जॅकेटचे घासाघीस करून निम्मे. डॉल्फिनचे दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका.