तुम्ही विचारलंत म्हणून : दहापैकी किती?

मला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे हे कळलं की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ओळखीच्या बायका हमखास विचारतात, "डॉक्टर म्हणतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय सांगा. ते कसं सांगायचं हो?"

सरळ सांगते. शेजारणीच्या सातशी तुमच्या सातचं काही देणंघेणं नाही. तो आकडा तुमच्याच मागच्या आकड्याशी ताडायचा असतो. साताचं पाचवर आलं तर खरंच फरक पडतोय. साडेसहा झालं तर नाचू नये. प्रश्न बहुधा गेल्या आठवड्याचा असतो आणि आपण उत्तर देतो आत्ताचं, तेही सकाळी दुखण्याची गोळी घेऊन आल्यावर.

त्यात आपल्या बायका "चाललंय" म्हणून गप्प बसतात आणि शेजारी बसलेला त्यांचा मुलगा घाईने म्हणतो, "पाच लिहा, डॉक्टर." पाच! आईचं मनगट त्यानं कधी हातात घेऊन बघितलेलं नसतं.

मी आकड्यासोबत एखादं काम सांगते. निफाडचा पारा उतरला की इकडे आम्हीही गारठतो. त्या दिवसांत कणीक मळता येत नाही, दुधाची पिशवी दातांनी फोडावी लागते (दंतवैद्यांनी हे वाचू नये). सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात तेही सांगते. चहा होईस्तोवर की अकरा वाजेपर्यंत, यात फार फरक आहे.

नुसत्या आपल्या शब्दावर मात्र भागत नाही. 'डॅस २८' नावाच्या मोजणीत डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे. दाब इतकाच, की त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचं नख पांढरं पडावं. दुखरे किती, सुजलेले किती, हे वेगवेगळं मोजतात. त्यात ईएसआर किंवा सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि एकूण कसं वाटतंय याचा तुमचा शून्य ते शंभरमधला आकडा मिळवतात. सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्यांच्या दुप्पट वजन आहे, तेव्हा 'आई गं' गिळू नका. निकाल ५.१ च्या वर म्हणजे आजार जोरात, २.६ च्या खाली म्हणजे शांत. पावलं मात्र या २८ मध्ये नाहीतच. माझं निम्मं दुखणं तिथे, त्यामुळे मी न सांगताच चपला काढते.

खरा घोळ होतो तो सूज उतरलेली, सीआरपी नॉर्मल आणि बाई म्हणते आठ, तेव्हा. घरचे लगेच म्हणतात, "मनाचे खेळ." अजिबात नाही. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होते, झोप उडाली असेल तर जास्तच. कधी आधी झिजलेला सांधा दुखत असतो. आठ खराच असतो, पण मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध, वाढवून तो उतरत नाही. झोप, व्यायाम, कधी वेगळ्या गोळ्या, असा दुसरा रस्ता धरावा लागतो. उलटही होतं: सांधा टम्म सुजलेला आणि माणूस म्हणतो दोन, कारण सवय झालेली. त्याचा सांधा आतून खराब होत राहतो.

एक तेवढं करा. आकडा रिपोर्ट उघडायच्या आधी सांगा. सीआरपी उतरल्याचं कळलं की आपणच भिडेखातर दोन अंक कमी करून टाकतो, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून.