डिझेल बंद झालंय, काका

मी कराडच्या एका शोरूममध्ये गाड्या विकतो. गाडीची माहिती सांगणं हे आमचं निम्मंच काम. समोर बसलेल्या घरात निर्णय कुणाचा चालतो, हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखणं हे उरलेलं.

2025च्या दिवाळीआधीची गोष्ट. 22 सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यामुळे शोरूममध्ये जत्रा भरली होती. त्या गर्दीत एक काका आले, सोबत मुलगा. काका जनावरांची औषधं पोचवतात. विटा, पाटण असं रोजचं शंभर किलोमीटर. त्यांची 2016ची मारुतीची डिझेल डिझायर बाहेर उभी होती.

खुर्चीत बसता बसता त्यांनी एक वही टेबलावर ठेवली. नऊ वर्षांत भरलेली प्रत्येक टाकी, तारीख, किलोमीटर, लिटर, सगळं त्यात. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. कंपनीचा आकडा लिटरला 26.59 किलोमीटर होता, काकांची सरासरी 23. इतका खरा मायलेज मी कुठल्या ब्रोशरमध्ये पाहिला नाही.

"हीच पायजे. नवी."

"डिझेल बंद झालंय, काका. सरकारनं नियम आणला."

हे वाक्य आमच्याकडे सगळेच बोलतात. मॅनेजरनं शिकवलंय, आता झोपेतही येतं. पण ते अर्धंच खरं आहे. 1 एप्रिल 2020ला बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा नियम, आला आणि डिझेल गाडीला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा 250 मिलिग्रॅमवरून 80वर आली. ती गाठायची तर फिल्टर आणि धूर साफ करणारी यंत्रणा हवी, म्हणजे किंमत लाखभर वर. पंधरा लाखांच्या गाडीत हा खर्च मुरतो, आठ लाखांच्या गाडीत मुरत नाही. त्यामुळे मारुतीनं एप्रिल 2019मध्येच डिझेल सोडणार म्हणून जाहीर केलं. बंदी कुणीच घातली नव्हती. शिवाय 2014च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, पेट्रोलशी फरक कमी होत गेला, तेव्हापासून गिऱ्हाईकंही डिझेल टाळू लागली होती. हे सगळं गर्दीच्या दिवशी कोण सांगत बसणार?

सीएनजी दाखवली. "खोकी कुठं ठेवू, टपावर?" बरोबरच होतं. त्या सीएनजीत डिकी सिलिंडरच खातो.

मुलगा तोवर एसयूव्हीच्या सनरूफखाली जाऊन बसला होता. 1500 सीसीचं पेट्रोल, ऑटोमॅटिक. ही छोट्या गाड्यांत बसत नाही, म्हणून हिला जीएसटी 40 टक्के. काकांची जुनी गाडी 3995 मिलिमीटर आणि 1248 सीसी. तशी डिझेल आज मारुतीनं काढलीच, तर ती छोट्या गाड्यांत बसेल, तिला 18च लागेल. पण काढत नाही. एसयूव्ही धडाधड खपतात. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या इंधनाची मिळून सरासरी मोजणारा नियम आहे, त्यात तिचं पिणं सीएनजी आणि इलेक्ट्रिकच्या आकड्यांनी भरून निघतं. काकांच्या खिशाची सरासरी कुणी काढत नाही.

मी काढली. कोटेशनच्या मागच्या बाजूला. वर्षाला 36,000 किलोमीटर; जुनीला डिझेल 91 रुपयांनी सुमारे 1 लाख 42 हजारांचं, हिला 14चा मायलेज आणि पेट्रोल 104 धरून 2 लाख 67 हजारांचं. मग मुलाकडे पाहिलं, कागद उलटा केला आणि पुढच्या बाजूवर सही घेतली. महिन्याचं टार्गेट दोन गाड्यांनी मागे होतं.

हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला काका एकटेच आले. वही तीच, नवं पान. पहिली नोंद 13.6.

"समोरच्या शोरूमला डिझेल उभी हाय की रं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बघून आलो."

"ती पण एसयूव्हीच आहे, काका. छोटी नाही."

हे मात्र खरं होतं. त्यांनी वही मिटली आणि चहा कुठे मिळतो विचारलं.